कथेतील कलाटणी: खरे सांगून वाचकाला चकवण्याची रीत

दिवाळी अंकांकडे आणि कथास्पर्धांकडे येणाऱ्या कथांमध्ये काही शेवट वर्षानुवर्षे भेटत राहतात. सारे स्वप्न होते. गाडीत शेजारी बसलेली बाई कधीच वारली होती. खून जुळ्या भावाने केला होता. गोष्ट सांगणाराच वेड्यांच्या इस्पितळात होता. लिहिणाऱ्याला यातला प्रत्येक शेवट धक्कादायक वाटतो आणि सरावलेल्या वाचकाला तो तिसऱ्याच परिच्छेदात दिसू लागतो. महत्त्वाची माहिती शेवटच्या ओळीपर्यंत दाबून ठेवली की कलाटणी साधली, असा यामागचा समज असतो. माहिती दाबून ठेवणे फार सोपे आहे, आणि म्हणूनच ती दाबून ठेवली आहे हे वाचकालाही तितक्याच सहज जाणवते. नावाऐवजी सतत 'ती' म्हटले, चेहऱ्याचे वर्णन टाळले, संवाद ऐन मोक्यावर तोडला की वाचक सावध होतो आणि पुढची पाने कथा म्हणून वाचण्याऐवजी कोडे म्हणून वाचू लागतो.

याच्या उलट जाणारी एक रीत आहे. वाचकाला जवळजवळ सर्व काही सांगायचे, तेही खरे सांगायचे, पण त्याचा चुकीचा अर्थ त्याने आपण होऊन लावावा अशी मांडणी करायची. ती पायरीपायरीने कशी साधावी, हे या लेखात एका प्रसिद्ध कथेच्या आणि एका कच्च्या, केवळ सरावासाठी रचलेल्या कथेच्या आधाराने पाहू. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयपासून रत्नाकर मतकरींच्या गूढकथांपर्यंत मराठीत रहस्याची परंपरा मोठी आहे. तरीही येथील उदाहरणे मुद्दाम साध्या संसारी कथांची घेतली आहेत, कारण खून किंवा भूत नसलेल्या कथेत कलाटणीचे काम अधिक अवघड असते आणि म्हणून अधिक स्पष्ट दिसते.

हाराच्या गोष्टीत नेमके काय केले आहे

गी द मोपासाँ या फ्रेंच लेखकाची हिऱ्यांच्या हाराची कथा १८८४ मध्ये प्रसिद्ध झाली. शिक्षण खात्यातील एका कारकुनाची बायको, मातिल्द, एका समारंभासाठी श्रीमंत मैत्रिणीकडून हार मागून घेते आणि तो हरवते. नवरा-बायको ३६,००० फ्रँक मोजून तसाच दिसणारा हार विकत घेतात, मैत्रिणीला तो मुकाट्याने परत करतात आणि ते कर्ज फेडण्यात त्यांची १० वर्षे जातात. पुढे रस्त्यात भेटलेली मैत्रीण सांगते की तिचा हार नकली होता, फार तर ५०० फ्रँकांचा.

शेवटचे हे वाक्य सर्वांच्या लक्षात राहते, पण लेखकाने शिकावे असे जे आहे ते आधीच्या तीन साध्या जागांत आहे. मातिल्द भीत भीत हार मागते, तेव्हा मैत्रीण क्षणाचाही विचार न करता हो म्हणते. हार हरवल्यावर दोघे डबीवर ज्याचे नाव असते त्या जवाहिऱ्याकडे जातात, तेव्हा तो आपल्या वह्या पाहून सांगतो की हार त्याने विकलेला नाही, त्याने केवळ डबी पुरवली होती. नवा हार परत केला जातो, तेव्हा मैत्रीण डबी उघडूनसुद्धा पाहत नाही. या तिन्ही गोष्टी वाचकाच्या डोळ्यांदेखत घडतात आणि हार नकली असल्याचेच सांगतात. पण प्रत्येक वेळी वाचकाकडे दुसरा, अधिक जवळचा अर्थ तयार असतो. मैत्रीण उदार आहे, जवाहिऱ्याकडे काही धागा मिळाला नाही, आणि डबी उघडली गेली नाही हे नशीबच. तिसऱ्या जागी तर मातिल्दला वाटणारी भीती वाचकालाही वाटत असते, त्यामुळे डबी मिटलेली राहिल्यावर तो सुटकेचा निःश्वास टाकतो आणि ती का मिटलेली राहिली, हे विचारायला विसरतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मातिल्दने हार हरवल्याचे त्याच आठवड्यात कबूल केले असते तर कथाच उरली नसती. ती कबूल करत नाही, कारण गरिबी दिसू नये म्हणून तर तिने हार मागितला होता. म्हणजे कलाटणी ज्या चुकीवर उभी आहे, ती चूक पात्राच्या स्वभावातून आलेली आहे. लेखकाने ती वरून लादलेली नाही.

पहिली पायरी: घडलेली कथा आधी लिहून काढावी

कलाटणी असलेल्या कथेत वस्तुतः दोन कथा असतात. एक खरोखर घडलेली आणि दुसरी वाचकाला घडते आहे असे वाटणारी. बहुतेक नवे लेखक दुसरी लिहायला घेतात आणि पहिली शेवटच्या पानावर सुचेल या भरवशावर राहतात. त्याऐवजी घडलेली कथा प्रारंभापासून क्रमाने, काहीही न लपवता, एका पानावर लिहून काढावी. हे पान कोणाला दाखवायचे नसते, त्यामुळे त्यात भाषेची चिंता करू नये. कोणाला काय, केव्हापासून ठाऊक आहे, आणि ते कोण कोणापासून का दडवते, एवढे मात्र नेमके असावे.

सरावासाठी ही कथा घेऊ. वसंत तालुक्याच्या गावी तहसील कचेरीबाहेर बसणारा दस्तलेखक आहे. वडील वारल्यावर घर आणि जमिनीवर त्याच्याबरोबर त्याच्या मोठ्या बहिणीचे, अक्काचे, नावही लागले आहे. वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभर २००५ मध्ये झाली. तेव्हापासून बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची की नाही, हा प्रश्न असंख्य घरांत भाऊबीजेच्या ताटापर्यंत येऊन पोहोचला आहे. अक्का दर भाऊबीजेला माहेरी येते, कागद पुढे ठेवला जातो आणि काही ना काही कारणाने सही राहून जाते. वसंतची बायको निर्मला हे सारे पाहते आहे आणि तिचा संयम संपत चालला आहे.

दुसरी पायरी: पहिले तीन शेवट खर्ची घालावेत

एवढी मांडणी झाल्यावर जो शेवट सर्वप्रथम सुचतो तो वाचकालाही सर्वप्रथम सुचणार, कारण लेखक आणि वाचक सारख्याच कथा वाचून आणि सारख्याच मालिका पाहून वाढलेले असतात. म्हणून सुचेल तो शेवट कागदावर उतरवून बाजूला ठेवावा आणि पुढचा शोधावा.

आपल्या कथेत पहिला शेवट असा येतो की भाऊ लबाड आहे आणि जमीन परस्पर विकतो आहे. हे वाचक धरूनच चाललेला असतो. दुसरा शेवट त्याला नुसता उलटवून मिळतो: जमिनीवर कर्जाचा बोजा आहे, ते कर्ज अक्काच्या लग्नासाठी काढलेले होते आणि वसंत ते इतकी वर्षे मूकपणे फेडतो आहे. हा शेवट वाचताना डोळ्यांत पाणी येईल, पण 'वाईट वाटणारा माणूस चांगला निघतो' ही उलटापालट वाचकाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की भाऊ जितका कठोर दाखवावा तितका तो चांगला निघणार याची खात्री वाढत जाते. तिसऱ्या शेवटात प्रश्न भावाकडून बहिणीकडे सरकतो. अक्काला जमीन नकोच आहे. सही केली की दरवर्षी तिला आग्रहाने बोलावण्याचे आणि तिची मनधरणी करण्याचे या घराला कारण उरणार नाही, अशी तिला भीती आहे. येथे कथा पहिल्यांदा जिवंत होते, कारण आता नवी माहिती उघड होत नाही. आधीपासून दिसणाऱ्या वागण्यामागचा हेतू उघड होतो.

तरीही आणखी एक पाऊल पुढे जावे. वसंतला हे कळले असेल तर? आणि त्यालाही सही नको असेल तर? मुद्रांक कागद खरेदी केल्यापासून सहा महिन्यांच्या आत वापरावा लागतो, हे त्याच्याइतके चांगले कोणाला ठाऊक असणार? तो दरवर्षी ट्रंकेतून जो कागद काढतो, तो कधीच मुदतबाह्य झालेला आहे. त्यावर अक्काने सही केली तरी उपयोग नाही. म्हणजे भाऊ मागण्याचे नाटक करतो आहे आणि बहीण नाकारण्याचे, आणि या दोघांच्या मध्ये एकटी निर्मला मनापासून भांडते आहे.

हा चौथा शेवट आधीच्या तिघांहून चांगला ठरण्याचे कारण त्याच्या अनपेक्षितपणात शोधू नये. तो कळल्यावर आधीच्या प्रत्येक भाऊबीजेचा अर्थ बदलतो, हे त्याचे खरे बळ आहे. सुचलेल्या शेवटाची परीक्षा याच प्रश्नाने घ्यावी: हा शेवट कळल्यानंतर मागचे किती प्रसंग वेगळे दिसतात? उत्तर 'एकही नाही' असेल, तर त्या शेवटाने धक्का बसेल पण कथा जागची हलणार नाही.

तिसरी पायरी: कोणाच्या डोळ्यांनी पाहायचे ते ठरवावे

कलाटणीचे बहुतेक अपयश निवेदकाच्या निवडीत असते. आपली कथा अक्काने 'मी' म्हणून सांगितली, तर तिला स्वतःच्या मनातली भीती शेवटपर्यंत वाचकापासून लपवावी लागेल, आणि जी बाई आपल्या मनातले सर्व सांगते आहे ती नेमकी तेवढीच गोष्ट सांगत नाही, ही शुद्ध लबाडी होईल. वसंतने सांगितली तरी तेच. सर्वज्ञ निवेदक घेतला तर तो अधूनमधून दोघांच्या मनात डोकावणार आणि मोक्याच्या वेळी दार लावून घेणार. निर्मला मात्र निर्धास्तपणे सर्व सांगू शकते, कारण तिला खरोखरच ठाऊक नाही. जे दिसते ते ती प्रामाणिकपणे नोंदवते आणि त्याचा अर्थ तितक्याच प्रामाणिकपणे चुकवते. ज्या पात्राला सत्य ठाऊक नाही पण सत्याच्या सर्वांत जवळ ज्याचा वावर आहे, असे पात्र निवेदक म्हणून मिळाले की अर्धे काम झाले.

सत्य ठाऊक असलेला निवेदक घेताच येत नाही असे नाही. अगाथा ख्रिस्ती यांनी १९२६ च्या एका कादंबरीत गोष्ट सांगणारा डॉक्टरच खुनी दाखवला आणि त्यावरून तेव्हा बराच वाद झाला. मात्र त्या डॉक्टरच्या निवेदनात खोटे विधान नाही. खुनाच्या रात्रीची काही मिनिटे तो गाळतो, एवढेच, आणि शेवटी ती जागा स्वतःच दाखवून देतो. तीनच वर्षांनी, १९२९ मध्ये, रोनाल्ड नॉक्स या इंग्रज लेखकाने रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुप्तहेराच्या मित्राने मनात आलेले विचार वाचकापासून लपवू नयेत, गुप्तहेराला योगायोगाची मदत मिळू नये, आणि वाचकाला आधी पुरेशी कल्पना दिल्याशिवाय जुळी भावंडे आणू नयेत, असे त्यांत आहे. नियम अर्ध्या गमतीने लिहिलेले आहेत, पण आपल्या जुळ्या भावांच्या कथा पाहिल्या की त्यांची गरज आजही पटते.

चौथी पायरी: पेरणी

सर्वाधिक वेळ येथे द्यावा. शेवट उलगडण्यासाठी वाचकाला जे ठाऊक असणे आवश्यक आहे त्याची यादी करावी आणि त्यातली प्रत्येक गोष्ट कथेत निदान एकदा, उघडपणे, पण दुसऱ्याच कारणासाठी यावी.

आपल्या कथेत वाचकाला मुद्रांकाच्या मुदतीचा नियम ठाऊक हवा. तो शेवटी समजावून सांगितला तर कलाटणीचे रूपांतर कायद्याच्या तासात होईल. आरंभीच 'मुद्रांक सहा महिन्यांत वापरावा लागतो, हे वसंतला ठाऊक होते' असे लिहिले तर चतुर वाचक ते वाक्य खिशात घालून ठेवील. तेव्हा नियम एखाद्या प्रसंगात विरघळवावा लागतो. निर्मलाच्या तोंडून तो असा येऊ शकतो:

'दुपारी जेवायला बसणार तोच तो म्हातारा पुन्हा दारात. गेल्या पाडव्याला घेतलेला स्टँप पेपर प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. ह्यांनी तो उलटून मागचा शिक्का पाहिला आणि परत त्याच्या हातात दिला. "सहा महिने उलटून गेले, काका. हा आता रद्दी. नवा घ्या." म्हातारा काकुळतीला आला, पण ह्यांच्या कपाळावरची आठी हलली नाही. परक्या माणसाला एवढे ठणकावून सांगता येते, मग सख्ख्या बहिणीपुढेच जीभ का टाळ्याला चिकटते, ते माझे मला कळत नाही.'

या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे. नियम वाचकाने वाचला, पण वाचून झाल्यावर त्याच्या लक्षात राहिली ती निर्मलाची तक्रार. प्रसंगाचा उद्देश नवऱ्याचा भिडस्तपणा दाखवणे हा आहे, असे समजून तो पुढे जातो. महत्त्वाची वस्तू परिच्छेदाच्या मध्ये ठेवावी आणि परिच्छेद भावनेच्या वाक्यावर संपवावा, ही युक्ती जवळजवळ कधीच फसत नाही. वस्तूला लगेच एखादे पटण्याजोगे पण चुकीचे स्पष्टीकरण जोडणे, ही दुसरी युक्ती. अक्का एका वर्षी 'चष्मा घरी राहिला, वाचल्याशिवाय सही कशी करू' म्हणते, आणि त्याच संध्याकाळी ओसरीवर बसून तांदळातले खडे निवडते. निर्मला ते पाहते आणि म्हणते की वन्संच्या मनात काही असो, कामाला मात्र हात कधी आखडता नसतो. चष्म्याशिवाय खडे कसे दिसले हा प्रश्न त्या कौतुकाखाली झाकला जातो.

तिसरी पेरणी एका डागाची. पहिल्या भाऊबीजेला कागद ओवाळणीच्या ताटाशेजारी ठेवलेला असतो आणि घाईत त्याच्या कोपऱ्यावर कुंकवाचे बोट उमटते. निर्मला त्याला अपशकुन मानते, म्हणजे त्यालाही एक चुकीचा अर्थ मिळतो. शेवटच्या भाऊबीजेला ट्रंकेतून निघालेल्या कागदाच्या कोपऱ्यावर तोच तांबूस डाग दिसतो, आणि ती कागद उलटून मागची तारीख वाचते. नियम एकटा निरुपयोगी आहे आणि डागही एकटा निरुपयोगी. दोन्ही जवळ आले की उकल होते. म्हणून अशा दोन दुव्यांमध्ये पुरेसे अंतर ठेवावे. लघुकथेत एखादा पूर्ण प्रसंग मध्ये गेला तरी चालतो. कादंबरीत मात्र इतके अंतर पडू शकते की वाचक पहिला दुवा विसरून जातो, आणि तेथे मध्यावर एखादी पुसट आठवण द्यावी लागते.

संवादातील दुहेरी अर्थ हीदेखील पेरणीच आहे आणि तिची जाण आपल्याकडे फार जुनी आहे. मनात एक गोष्ट असताना तिच्याशी जुळणारी दुसरीच गोष्ट अकस्मात पुढे येणे, याला भरताच्या नाट्यशास्त्रात पताकास्थानक म्हटले आहे. भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'त पहिल्या अंकात निद्रिस्त सीतेकडे पाहत राम म्हणतो की हिचे सारेच प्रिय आहे, असह्य आहे तो फक्त विरह. आणि तेवढ्यात प्रतिहारी (द्वाररक्षिका) आत येऊन म्हणते, 'उपस्थितः', म्हणजे आला आहे. तिला सांगायचे असते की दुर्मुख नावाचा सेवक आला आहे. पण तो सेवक जी लोकनिंदा कानावर घालणार असतो, तिच्यामुळे खरोखरच विरह येऊन उभा राहतो. आपल्या कथेत अक्का दरवर्षी निघताना म्हणते, 'पुढच्या भाऊबीजेला बघू.' निर्मलाला यात टाळाटाळ ऐकू येते. पुन्हा वाचणाऱ्याला त्यात पुढच्या वर्षीही यायला मिळावे ही विनवणी ऐकू येईल.

पाचवी पायरी: खोट्या वाटेलाही खरे कारण हवे

वाचकाला भलतीकडे नेण्यासाठी लेखक कधी कधी एखादे संशयास्पद पात्र निव्वळ संशयासाठी आणतात: रात्री कुदळ घेऊन फिरणारा गडी, ज्याचे पुढे काहीच होत नाही. अशा पात्राचे पितळ उघडे पडले की वाचक स्वतःला फसवला गेलेला समजतो. खोट्या वाटेवरच्या माणसालाही स्वतःचे, कथेत पुरे होणारे कारण असले पाहिजे. निर्मलाचा राग नुसता वाचकाची दिशाभूल करण्यासाठी ठेवला तर ती नणंदेवर खेकसणारी साचेबंद भावजय होईल. पण घर पडायला आले आहे, ते बांधायला बँकेचे कर्ज हवे आणि अक्काचे नाव असेपर्यंत तिच्या सहीशिवाय ते मिळत नाही, अशी तिची खरी अडचण असेल, तर तिचे भांडण रास्त ठरते. मग शेवटी तिला सत्य कळते तेव्हा ते गोड निघत नाही. बहीण-भावाच्या या मायेची किंमत इतकी वर्षे गळक्या छपराखाली कोण मोजत होते, हा प्रश्न उभा राहतो, आणि कथेला दुसरे टोक मिळते.

लपवायचे की आधीच सांगून टाकायचे

काही कथांमध्ये रहस्य जपण्यापेक्षा ते लवकर सांगण्यात अधिक लाभ असतो. 'शाकुंतला'त दुर्वासाचा शाप चौथ्या अंकाच्या आरंभीच प्रेक्षकाला कळतो. शकुंतलेला तो ठाऊक नसतो आणि दुष्यंतालाही नसतो. शाप दडवून ठेवून सातव्या अंकात उघड केला असता तर राजाच्या विस्मरणाचे स्पष्टीकरण मिळाले असते, पण पाचव्या अंकात राजसभेत अंगठी दाखवायला गेलेल्या शकुंतलेचे बोट मोकळे दिसते तेव्हा प्रेक्षकाच्या काळजात जे होते, ते झाले नसते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन हाच मुद्दा मांडला होता: बॉम्ब अचानक फुटला तर धक्का काही क्षणांचा, आणि तो आहे हे प्रेक्षकाला आधी ठाऊक असेल तर तेच रटाळ संभाषण कितीतरी मिनिटे श्वास रोखून ऐकले जाते. निर्णय घेण्यासाठी दोन्ही प्रकारे एकेक प्रसंग लिहून पाहावा. माझे स्वतःचे मत असे आहे की ज्या कथेत संकट बाहेरून येणारे असते तेथे ते आधी सांगावे, आणि ज्या कथेत गैरसमज माणसांच्या हेतूंविषयी असतो तेथे वाचकालाही त्या गैरसमजात राहू द्यावे.

कलाटणीची जागा आणि नंतरच्या ओळी

ॲरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील ग्रंथात म्हटले आहे की परिस्थितीचे पालटणे आणि सत्याची ओळख पटणे एकाच वेळी घडते तेव्हा परिणाम सर्वोत्तम होतो. त्याने दिलेले उदाहरण ईडिपसच्या नाटकातले आहे. तेथे आपल्या हातून आईशी लग्न घडेल ही राजाची भीती दूर करायला दूत येतो आणि त्याच्याच बोलण्याने ती खरी ठरते. निर्मलाने तारीख वाचणे ही ओळख झाली. तिच्यासाठी काहीतरी पालटलेही पाहिजे. ती कागद वसंतपुढे आपटेल, अक्काला एकटी गाठून विचारील, की स्वतःच नवा मुद्रांक आणून ठेवील? यातली कोणती कृती घ्यायची हे तिच्या स्वभावावर अवलंबून राहील, पण कृती हवीच. कळले आणि कथा संपली, असे झाले की ती चुटका होते.

लघुकथेत कलाटणीनंतर थोड्याच ओळी असाव्यात आणि त्यांत स्पष्टीकरण नसावे. 'म्हणजे इतकी वर्षे दोघांनाही सही नको होती तर!' हे वाक्य मोहात पाडते, ते खोडावे. पेरणी नीट झाली असेल तर वाचक ते स्वतः म्हणेल, आणि झाली नसेल तर या वाक्याने काही वाचणार नाही. कादंबरीत मात्र मोठी कलाटणी शेवटासाठी राखून ठेवू नये. ती दोन-तृतीयांशाच्या आसपास आली तर सत्य कळल्यानंतर माणसे एकमेकांशी कशी वागतात, हे दाखवायला जागा राहते, आणि माझ्या मते कादंबरीचा कस तेथेच लागतो.

अंदाज येतो तो केवळ शेवटाचाच नाही

पुष्कळ कथा शेवट चांगला असूनही ओळखीच्या वाटतात, कारण त्यातला प्रत्येक छोटा प्रसंग अपेक्षेप्रमाणे घडतो. सावकार मिशा पिळतो, शहरातून आलेली सून उद्धट असते, मुलाचा फोन येतो तेव्हा आई एकटी जेवत असते. प्रत्येक प्रसंग लिहिण्यापूर्वी त्यातील पात्र काय बोलेल याचा अंदाज करावा आणि तो अंदाज जेथे शंभर टक्के बरोबर ठरतो तेथे पात्राला दुसरे काही तरी हवे आहे का, ते पाहावे. अक्का सहीच्या विषयावर रडत नाही, चिडत नाही. ती छपराकडे पाहून कौले कोणाकडून आणलीत असे विचारते. शीर्षकही तपासावे. या कथेला 'मुदत' असे नाव दिले तर लेखकानेच बोट दाखवल्यासारखे होईल. 'ओवाळणी' ठेवले तर ते आधी एका अर्थाने वाचले जाईल आणि नंतर दुसऱ्या.

योगायोगाबद्दल थोडक्यात: योगायोगाने संकट ओढवले तर वाचक ते मान्य करतो, कारण त्याशिवाय गोष्टच सुरू होत नाही. योगायोगाने संकट सुटले तर तो मान्य करत नाही.

शेवटची पायरी: उलटी तपासणी आणि पहिले वाचक

पहिला खर्डा झाला की कथा शेवटाकडून प्रारंभाकडे, प्रसंगाप्रसंगाने वाचावी. प्रत्येक प्रसंगाशेजारी दोन वाक्ये लिहावीत: पहिल्या वाचनात वाचक येथे काय समजेल, आणि सत्य ठाऊक झाल्यावर काय समजेल. दुसरे वाक्य ज्या प्रसंगाला लिहिता येत नाही, तो प्रसंग कलाटणीला जोडलेला नाही. तो ठेवायचा असल्यास दुसऱ्या कारणासाठी ठेवावा. दोन्ही वाक्यांत ज्या प्रसंगाचा मेळ बसत नाही, तेथे लेखकाने खोटे सांगितले आहे आणि ते दुरुस्त केलेच पाहिजे. वसंत एखाद्या प्रसंगी एकटा असताना 'कधी एकदा अक्का सही करते' असे पुटपुटला असेल, तर ते वाक्य कितीही स्वाभाविक वाटले तरी काढावे लागेल, कारण ऐकणारे कोणी नसताना त्याला नाटक करण्याचे कारण नाही.

मग कथा दोघा-तिघांना द्यावी, पण पूर्ण देऊ नये. मध्यावर थांबवून 'पुढे काय होईल असे वाटते?' एवढेच विचारावे, आणि उत्तर ऐकताना चेहरा कोरा ठेवावा. सर्वांनी खरा शेवट ओळखला तर एखादी पेरणी फार ठळक झाली आहे. ती कोणती, हे 'कशावरून वाटले?' या प्रश्नाने कळते आणि बहुधा एखादे विशेषण किंवा परिच्छेदाच्या शेवटी आलेले वाक्य दोषी निघते. एकालाही काहीच अंदाज करता आला नाही, तर तेही वाईट लक्षण आहे, कारण ज्याने अपेक्षाच बांधली नाही त्याची अपेक्षा मोडता येत नाही. सर्वांनी आत्मविश्वासाने चुकीचा शेवट सांगितला, म्हणजे आपल्या कथेत 'भाऊ जमीन विकणार' असे म्हटले, की मांडणी जमली असे समजावे आणि उरलेली पाने द्यावीत.

पूर्ण वाचून झाल्यावर 'आवडली का?' असे विचारू नये. 'मागे जाऊन एखादी जागा पुन्हा वाचावीशी वाटली का, आणि कोणती?' असे विचारावे. वाचकाने म्हाताऱ्याचा प्रसंग किंवा तांदळाचे खडे सांगितले तर पेरणी उगवली आहे. त्याने एकही जागा सांगितली नाही तर दुवे फार पुसट झाले आहेत आणि त्यांतला एक थोडा वर आणावा लागेल. ज्याने कथा एकदा वाचली तो तिच्याकडे पुन्हा अजाणतेपणी पाहू शकत नाही, म्हणून सर्व परिचितांना पहिलाच खर्डा वाचायला देऊन टाकू नये. त्यांतल्या एका चोखंदळ वाचकाला अखेरच्या खर्ड्यापर्यंत राखून ठेवावे.